एका पाण्यातल्या

१

मधलीची सकाळ टाकीपासून सुरू व्हायची. चहा त्यानंतर, वेणीफणी त्यानंतर, आणि ताईची बोलणी तर त्याहून नंतर. आधी टाकीच्या दिव्याची कळ दाबायची, मग झाकणावर नखाने टकटक करायची, मग चिमूटभर दाणे सोडायचे. टकटक झाली की झाडांच्या आडून, लाकडाच्या ढोलीतून, नळीच्या मागून एकेक मासोळी बाहेर यायची आणि तोंड वर करून थांबायची. मग मधली वाकून बघत राहायची. कोण नीट खातेय, कोणाचं शेपूट कुरतडलंय, कोण कोपऱ्यात अंग चोरून बसलीय. सगळ्या धड आहेत असं दिसलं की तिचा जीव भांड्यात पडायचा आणि मगच ती चहाचं आधण ठेवायची.

ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, सैल दांड्या आवळायच्या, गिऱ्हाईकाचं नाक चिमटत असेल तर फ्रेम गरम करून जराशी वाकवायची. ही टाकी तिथलीच. मालकांना दुकानाच्या दर्शनी भागात टाकीऐवजी मोठा आरसा हवा होता. लोकांना माशांपेक्षा स्वतःचं तोंड बघायला जास्त आवडतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. तर टाकी आली घरी. मासे आले ते दुकानात जाड भिंगांचा चष्मा करायला आलेल्या मासेवाल्या बाईंकडून.

"घरी कोण कोण असतं?" बाईंनी विचारलं होतं.

"आम्ही तिघी बहिणी."

"मग फायटरच न्या. माद्या. तुमचं त्यांच्याशी बरं जमेल." आणि बाई स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसल्या.

फायटरचा नर एकटा ठेवायचा असतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दोन नर एका पाण्यात आले की एकाच्या चिंधड्या होतात. माद्या एकत्र राहू शकतात, पण बाई म्हणाल्या तसं, "राहतात म्हणजे आपोआप नाही राहत हो. आपण ठेवल्या तर राहतात." म्हणजे झाडं दाट लावायची, आडोसे करायचे, एकीला दुसरी सारखी दिसता कामा नये. तरी कोणी कोणाच्या मागे लागलंच, तर सगळ्यांना बाहेर काढायचं, आतलं सगळं सामान इकडचं तिकडे करायचं आणि पुन्हा सोडायचं. गरीब असेल तिला आधी, दांडगट असेल तिला शेवटी. जागा ओळखीच्या राहिल्या नाहीत की कोण कुठली मालकीण हे त्या विसरतात.

"आणि तरीही एखादी ऐकत नसली तर?"

"तर पारदर्शक डबीत घालायची आणि डबी त्याच टाकीत लटकवायची. बाकीच्या तिला दिसतात, शिवता येत नाहीत. मग उतरते मस्ती. मारायचं नाही, टाकून द्यायचं नाही. पाणी तेच ठेवायचं."

हे शेवटचं वाक्य मधलीला फार आवडलं होतं.

२

आता घरातल्या तिघींचं सांगायला हवं.

ताई सगळ्यात मोठी. शाळेत कवायत शिकवायची, निवृत्त झाली, पण कवायत काही तिच्या तोंडातून गेली नाही. "ऊठ", "बस", "सरळ बस", "भांडं तिथे ठेवायचं नसतं". वाईट नव्हती हो. आईवडील गेल्यावर दोघींना तिनेच वाढवलं, स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नाही. पण केलेलं विसरायचं नाही आणि विसरू द्यायचं नाही, हा तिचा खाक्या.

धाकटी सगळ्यात लहान. नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला तेव्हा दोन बॅगा घेऊन परत आली. आल्यावर पहिले काही दिवस रडली. रडत होती तोवर बरं होतं. मग तिने रडणं थांबवलं आणि हळूहळू खाणंही. ताटावर बसायची, घास हातात धरायची, ताईकडे एकदा बघायची आणि घास परत ठेवायची. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत वर सरकायला लागली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून मधलीला बाजूला घेतलं. "माझ्याकडे हिच्यासाठी औषध नाही. हिने जेवलं पाहिजे. असंच चाललं तर हिवाळा काढणार नाही, स्पष्ट सांगतो."

आणि मधली? मधली दोघींच्या मधे. इकडचं तिकडे सांगायचं नाही, तिकडचं इकडे येऊ द्यायचं नाही, आणि दोघींचे रुमाल वेगवेगळे वाळत घालायचे. धाकटी तिला माई म्हणायची. मधलीच्या मनात रात्रंदिवस एकच गोष्ट होती: धाकटी जगली पाहिजे, आणि तीही इथेच, आपल्या डोळ्यांसमोर.

त्या सुमाराला दोन गल्ल्या सोडून असलेल्या पाळणाघरात कोणीतरी हवं होतं. धाकटीने जेवताना भीतभीत विषय काढला. ताई म्हणाली, "स्वतःचं ताट संपत नाही, दुसऱ्यांच्या पोरांना काय भरवणार तू?"

धाकटीने हात धुतले आणि आत जाऊन झोपली. मधलीने ताट झाकून ठेवलं.

३

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मधली कामावरून आली, तर हॉलमधलं लोखंडी कपाट जागेवर नव्हतं.

ते कपाट म्हणजे गंमत नाही. तिघींचे कपडे, आईच्या रजया, वर पितळी डबे. घर रंगवताना ते हलवायला चार माणसं लागली होती आणि त्यातल्या एकाची कंबर धरली होती. इतकी वर्षं ते खिडकीशेजारी होतं. आता ते ताईची खुर्ची आणि स्वयंपाकघराचं दार यांच्या मधे, जरा तिरकं, उभं होतं. शेजारून एक माणूस जाईल एवढीच वाट.

"हे काय नवीन?" मधली म्हणाली.

"मलाच विचार!" ताई तणतणली. "मी दुपारी जराशी आडवी झाले, उठले तर हे. हिने केलं असणार."

"मी?" धाकटी आतून म्हणाली. तिला पाण्याची कळशी उचलवत नव्हती.

मधलीने वाकून फरशी पाहिली. ओरखडा नाही. कपाटाचा एक पाय आखूड होता, त्याखाली कागदाची घडी असायची. ती घडी इथेही त्याच पायाखाली होती, नीट सरकवलेली. वरचे डबेही जसेच्या तसे. खिडकीशेजारी मात्र कपाटाच्या मापाची धुळीची चौकट तशीच राहिली होती, तिच्यावर पाऊल पडल्याची खूण नव्हती.

ताईने जुना विद्यार्थी असलेल्या हमालाला फोन लावला, तो म्हणाला उद्या येतो. तोवर तिघी जेवायला बसल्या. ताईचा गुडघा दुखत होता म्हणून तिने ताट खुर्चीतच घेतलं. मधली आणि धाकटी आत टेबलापाशी. मधे कपाट.

धाकटीने एक घास घेतला. वर बघितलं. समोर कपाटाची करडी पाठ. मग तिने दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि मधलीने श्वास सोडला तेव्हा अर्धं ताट रिकामं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मधलीनेच हमालाला फोन करून सांगितलं, नको येऊस. कपाट आहे तिथे बरं आहे.

४

आता कोणाही शहाण्या माणसाच्या मनात येईल ते मधलीच्याही मनात आलं. झोपेत चालणं. कोणाला तरी झोपेत हत्तीचं बळ येतं म्हणे. ताईच असणार, बोलते तोडून, पण मनात माया आहे, दिवसा मान्य करायला लाज वाटते म्हणून ही अशी तऱ्हा. या विचाराने मधलीला इतकं भरून आलं की तिने ताईसाठी गुडघ्याला लावायचा पट्टा आणला. ताई म्हणाली, "कशाला हे लाड?"

पण मग गॅलरीतल्या कुंड्या आत आल्या. एकदम नाही, हळूहळू. सकाळी दोन हॉलमध्ये, संध्याकाळी आणखी काही पॅसेजमध्ये, धाकटीच्या खोलीच्या दाराशी उंच पानांची रांग. धाकटीचा पलंग फिरला. टेबल फिरलं. घरात असं कुठलंच ठिकाण राहिलं नाही की जिथे बसून ताईला सगळं घर दिसेल. "माझ्याच घरात मला रस्ता विचारावा लागतोय," ताई म्हणाली, आणि कोण जाणे कसं, तिला स्वतःलाच हसू आलं. धाकटीही हसली. किती दिवसांनी!

मधलीने एकदा खडूने कपाटाच्या चारही पायांभोवती गोल काढले. खात्री करून घ्यावी म्हणून, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी कपाट हातभर पुढे आलेलं. पायांभोवती खडूचे गोल होते. तिचेच, एका गोलाचं टोक तिच्या हातून जुळलं नव्हतं, ते इथेही जुळलेलं नव्हतं. आधीच्या जागी फरशी स्वच्छ.

ती दुकानात गेली आणि मालकांना म्हणाली, जरा माझे डोळे तपासता का? मालकांनी तपासले. म्हणाले, "तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, कामाला लाग."

त्याच आठवड्यात ती टकटक झाली.

दिवेलागणीची वेळ. मधली बाथरूममध्ये पाय धुत होती, ताई रेडिओपाशी, धाकटी तिच्या खोलीत. छतात कुठेतरी दोनदा वाजलं. हलकं, टणक, अगदी सौम्य. वरच्या मजल्यावर कोणी नसतं. वर गच्चीच आहे. मधलीला भूक लागली. एकाएकी, पोटात खड्डा पडावा तशी. ती ओल्या पायांनी स्वयंपाकघरात आली, तर ताई आधीच तिथे होती. मागोमाग धाकटी आली. तिघी दिव्याखाली उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मधलीच्या लक्षात आलं की तिघींची तोंडं वर आहेत.

"मी कशाला आले होते गं इथे?" ताई म्हणाली.

"जेवायला," धाकटी म्हणाली. आणि ती स्वतः ताटं मांडायला लागली.

त्या दिवशी तिने मागून घेतलं.  मधली भांडी घासायला बसली. घाबरली होतीच ती, खोटं कशाला सांगू. पण धाकटीचं ताट चाटूनपुसून स्वच्छ होतं, आणि ते घासायला घेताना मधली छताकडे बघून हळूच म्हणाली, "जे कोणी असाल ते, उपकार झाले."

५

ताई मात्र ताईच होती. आठवडाभर गप्प राहिली हेच पुष्कळ. रविवारी दुपारी पाळणाघराचा विषय पुन्हा निघाला आणि तिचं बिनसलं. उठली, कपाटाला वळसा घातला, कुंड्या पायाने सारल्या आणि थेट धाकटीच्या समोर येऊन उभी राहिली.

"नवरा सांभाळता आला नाही. निघाली पोरं सांभाळायला!"

असं म्हणून तिने धाकटीच्या पुढचं ताट उचललं. का उचललं, तिलाही सांगता आलं नसतं. धाकटी पांढरीफटक पडली. मधली "ताई, पुरे!" म्हणत पाणी आणायला माठापाशी वळली, आणि पेला भरून परत फिरली तर ताट टेबलावर होतं आणि ताई नव्हती.

ताई गॅलरीत होती. गॅलरीला सरकत्या काचा आहेत, त्या सताड उघड्या होत्या. ताई उंबऱ्याच्या पलीकडे उभी होती आणि ओरडत होती. गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. आवाज येत नव्हता. पडदाही हलत नव्हता.

"ताई, अगं आत ये," मधली म्हणाली आणि तिने हात पुढे केला. हात उंबऱ्यापर्यंत गेला. पुढे जाईना. काही लागलंही नाही, गार नाही, गरम नाही. हात पुढे जायचा थांबला, इतकंच. पलीकडून ताईने पंजा टेकवला. दोन पंजे समोरासमोर, मधे काही नाही.

मधली धावत जाऊन, गॅलरीत गळती दिसतेय असं काहीतरी सांगून, समोरच्या दाराच्या काकांना घेऊन आली. काका लुंगी सावरत आले, गॅलरीत सरळ चालत गेले, ताईच्या शेजारी उभे राहून खाली वाकून बघितलं. "गळती कुठे आहे म्हणालात? मला तर दिसत नाही. हवा मात्र छान आहे तुमच्याकडे. ताई बाहेर गेल्यात वाटतं?" ताई त्यांच्या कानाशी किंचाळत होती.

काका गेले. मधली तिथेच खाली बसली. तोवर धाकटी उंबऱ्याशी आली होती. ती ओरडली नाही. ताईकडे बघत राहिली, बराच वेळ.

"काय म्हणतेय ती, माई?"

"ऐकू येत नाहीये गं."

"हो ना," धाकटी म्हणाली. मग ती टेबलाशी गेली, खुर्ची ओढली आणि गॅलरीकडे तोंड करून जेवली. पहिला घास अडखळला. मग नाही. ताई पलीकडून बघत होती. ओरडून ओरडून दमली, मग नुसती उभी राहिली, मग कठड्याला पाठ लावून खाली बसली. ऊन तिच्या अंगावरून सरकत कठड्याबाहेर गेलं. मधली दोघींच्या मधे फरशीवर बसून होती. तिला एका बहिणीसाठी रडू येत होतं आणि दुसरीकडे बघून पोटातून आनंद होत होता, आणि त्या आनंदाची तिला अशी लाज वाटली की तिने पदराने तोंड झाकून घेतलं.

संध्याकाळी दिवे लागल्यावर ताई उठली, उंबरा ओलांडून आत आली. पडदा हलला. "गार झालंय बाहेर," ती म्हणाली. आवाज बसला होता. मग धाकटीजवळ जाऊन तिच्या केसांवरून हात फिरवला. "किती वाळलीस गं तू. मला तिथून दिसलं."

६

त्यानंतरचे दिवस घरात जसे गेले तसे कधी गेले नव्हते. ताई रेडिओ बारीक लावायची. "भांडं कुठे ठेवू?" असं विचारायची. गॅलरीबद्दल स्वतःहून एक अक्षर बोलली नाही, आणि काही विचारलं तर म्हणायची, "शिक्षा नव्हती गं ती. कोणी रागावलेलं नव्हतं. एवढंच कळलं मला." धाकटीच्या गालांवर जरा मांस आलं.

मधलीने तर कंबर कसली. आता ही सुधारतेय म्हटल्यावर जराही ढिलाई नको. जेवताना ती धाकटीच्या समोर बसायची आणि प्रत्येक घास तोंडात जाईपर्यंत बघायची. "अजून एक. माझ्यासाठी." धाकटी आंघोळीला गेली की दाराबाहेर उभी राहायची. गच्चीवर जाते म्हणाली की, "वारा लागेल, नको." मैत्रिणीचा फोन आला की, "झोपलीय ती." सगळं हळू आवाजात, सगळं मायेने.

पाळणाघराच्या बाईंचा फोन तिनेच घेतला. "हो, तुम्ही म्हणता ते ठीक आहे. पण ती अजून बरी नाही हो. पुढच्या वर्षी बघू." धाकटीला सांगितलं नाही. उगाच जिवाला घोर कशाला?

टाकीतही तिने तेव्हा एक बंदोबस्त केला होता. तांबडी मासोळी फार मातली म्हणून तिला डबीत लटकवलं होतं. पण टाकीत शांतता काही आली नाही. मासेवाल्या बाई दांडी आवळून घ्यायला दुकानात आल्या तेव्हा मधलीने विचारलं.

"येणारच नाही शांतता," बाई म्हणाल्या. "पहिली काढली की दुसरी उठते. आणि ती ओळखू येत नाही पटकन. दिसायला गरीब असते. सारखी सगळ्यांच्या मधे मधे करत असते ना, ती."

मधली घरी येऊन टाकीपुढे बसली आणि पाहू लागली. तपकिरी होती ती. चावत नव्हती. नुसती सगळ्यात बारकीच्या पुढे जाऊन उभी राहायची, ती वळली की पुन्हा पुढे, दाण्यापाशी जाऊ द्यायची नाही, कोपऱ्यातून हलू द्यायची नाही. "बघ कशी साळसूद!" मधली म्हणाली आणि काचेवर बोट आपटलं. मागच्या खोलीत धाकटी खिडकीचं तावदान उघडू बघत होती. "ते बंद ठेव गं," मधली मान न वळवता म्हणाली.

धाकटीचं ताट पुन्हा अर्धं परत यायला लागलं होतं.

७

पाळणाघराच्या बाई धाकटीला जिन्यात भेटल्या, अजूनही येतेस का म्हणाल्या, आणि सगळं बाहेर आलं.

दुपार होती. मधलीचा सुटीचा दिवस. ताटं मांडलेली, ताई टेबलाच्या एका टोकाला, धाकटी आणि मधली समोरासमोर. धाकटी जिन्यातून वर आली होती ती थेट इथे येऊन बसली होती.

"माई, माझ्या वतीने तू नाही म्हणालीस?"

"तुझ्याच भल्यासाठी ना."

"ताई पण हेच म्हणायची. ती मोठ्याने म्हणायची, एवढंच."

मधलीला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "मी? मी आणि ताई सारख्या? अगं, मी होते म्हणून जगलीस तू! मी नसते तर कधीच..."

पुढचं तिने गिळलं. पण निघायचं ते निघून गेलं होतं. ताईने डोळे मिटून घेतले. धाकटीने ताट बाजूला सारलं. मधलीने ते परत तिच्यापुढे सरकवायला हात लांब केला.

हात ताटापर्यंत गेला नाही.

आधी तिला वाटलं आखडला. मग कळलं की नळाचं टपटप ऐकू येत नाहीये. घड्याळ नाही, रस्ता नाही, ताईचा पंखा फिरत होता त्याची घरघर नाही. "धाकटे!" तिने हाक मारली. हाक तिच्याच कानात राहिली. समोर धाकटीने दचकून मधलीच्या खुर्चीकडे पाहिलं, मग ताईकडे. ताईचे ओठ हलले. ताईने हात लांब करून धाकटीचा हात धरला, आणि मान हलवली. घाबरू नकोस, अशी.

मधली ओरडली. अगदी ताईसारखीच ओरडली, शिरा ताणून. मग उठून उभी राहिली, पण खुर्चीच्या भोवती दोन वितींपलीकडे तिला पाऊल टाकता येईना. कोणीतरी चूक करतंय, तिला वाटलं. माणूस चुकलंय तुमचं! मी बघणारी आहे. मी तर बाहेरून बघणारी आहे.

आणि हे मनात उमटलं तेवढ्यात उजेड बदलला.

खिडकीत ऊन होतं, ते झाकलं गेलं. ढगाने झाकतं तसं नाही. जवळून. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत असायची, ती नव्हती. तिच्या जागी काहीतरी होतं ज्याला कडा नव्हती आणि जे अगदी सावकाश, कोणी बिचकू नये अशा बेताने, खाली येत होतं. मधलीचे केस उभे राहिले. ते थांबलं. त्याची नजर असेल तर ती तिच्यावर नव्हती. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. ते धाकटीच्या ताटाकडे बघत होतं.

मधलीला ते बघणं ओळखू आलं. त्यात राग नव्हता, फक्त काळजी होती: खाईल का ही आज?

ती खाली बसली. भीती गेली नाही, पण भीतीच्या शेजारी जागा झाली. खरं म्हणजे तिला स्वतःला जे हवं होतं, तेच कोणाला तरी इतक्या चिकाटीने हवं होतं, आणि ते करायला तिच्याहून मोठे हात होते. आपण एकटीच या घराला धरून ठेवतोय, असं तिला आईवडील गेल्यापासून वाटत आलं होतं. किती दमलो आपण, तिच्या मनात आलं. तिने हात जोडले.

टेबलाच्या पलीकडे ताई धाकटीला काही म्हणाली. धाकटीने डोळे पुसले. मग ताट स्वतःच पुढे ओढलं. कोणी समोरून घास मोजत नव्हतं. ती भरभर जेवली, मधेच पाणी प्याली, ताईच्या कशावर तरी तोंडात घास असताना हसली आणि ठसका लागला. ताईने पाठीवर थोपटलं. मधलीला इतक्या जवळून, इतकं दूर राहून, धाकटी कधी दिसलीच नव्हती. मनगटातली बांगडी मनगटातच होती. गळ्याखालचे खड्डे भरत आले होते. ही मरणारी बाई नव्हती. ही घाईत असलेली बाई होती.

खिडकीतलं ऊन परत आलं.

धाकटी उठली, हात धुतले, आरशात बघून केस सारखे केले. दाराशी जाऊन चपला घातल्या. पर्स खांद्याला लावली. मग काय वाटलं तिला कोण जाणे, ती मागे वळली आणि मधलीच्या खुर्चीकडे बघून ओठ हलवले. "येते गं, माई."

मधलीच्या जिभेवर सगळं रांगेने तयार होतं. छत्री घे, रस्ता बघून ओलांड, पोचल्यावर फोन कर, पहिल्याच दिवशी फार थांबू नकोस. तिने तोंड उघडलं. मग मिटलं.

दार लागलं. ताई टेबल आवरायला लागली. आपल्याला इथून कधी काढतील, काढतील की नाही, हे मधलीने कोणाला विचारलं नाही. धाकटी जेवून गेली होती.